एस्टीम टर्बो, नोंद चौथी: धुराचा पत्ता लागला

मंडळी, गाडीचा धूर थांबला. आधी हे सांगून टाकतो, कारण मागच्या नोंदीनंतर जो भेटेल तो तेवढंच विचारत होता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी जुन्या गाडीला स्वतः टर्बो बसवतोय, म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आणि तो बसवल्यापासून गाडी धूर ओकत होती. गाडी २००३ची मारुती एस्टीम, वडिलांनी नवी घेतलेली. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, कंपनीच्या कागदावर ८५ बीएचपी. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला वायू किती पटीने दाबला जातो ते, साडेनऊला एक आहे, म्हणजे टर्बोसाठी जरा जास्तच. पण इंजिन उघडून पिस्टन बदलायचे नाहीत हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. म्हणून बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब, ०.३५ बार, त्याच्या वर नाही. बजेट ५०,००० ठरवलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

टर्बो घेतला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून, स्विफ्टच्या १.३ डिझेलचा, ७५ पीएसवाल्या इंजिनाचा. त्याच इंजिनाचा ९० पीएसचा अवतार होता त्याला व्हेरिएबल व्हेनचा, म्हणजे आत हलत्या पाकळ्या असलेला, टर्बो यायचा, तो मुद्दाम टाळला. पेट्रोलचा धूर डिझेलच्या धुरापेक्षा दीडदोनशे अंशांनी जास्त गरम असतो, त्यात त्या नाजूक पाकळ्या किती दिवस हलतील याची मला खात्री नव्हती. साधा वेस्टगेटवाला, म्हणजे जादा गॅस बाजूने सोडून देणाऱ्या झाकणीचा, बरा. दुकानात बघायचं एवढंच: शाफ्ट चिमटीत धरून आडवा हलवला तर थोडा हलणार, तेलाच्या बेअरिंगला ते चालतं. पण पुढेमागे ओढल्यावर हलला तर टर्बो तिथेच ठेवून चहा प्यायला जायचं. मी तिसरा उचलला. ५,५०० रुपये.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला गॅस टर्बोपर्यंत नेणाऱ्या नळ्या, हे मात्र कोल्हापूरचं खास काम आहे. साखर कारखान्यात बॉयलरचं पायपिंग करणारे एक मामा गळीत हंगाम संपला की उद्यमनगरात वेल्डिंगची कामं घेतात. त्यांनी जाड भिंतीच्या स्टीम पाइपचे तयार बेंड कापून, जोडून चार नळ्यांचं मॅनिफोल्ड केलं. दिसायला अस्वल आहे. वजनही अस्वलासारखंच. फ्लँज, म्हणजे इंजिनाला बोल्टने बसणारी पट्टी, १२ मिलिमीटरच्या प्लेटची, वेल्ड झाल्यावर मिलिंग मशीनवर पुन्हा सपाट करून घेतली. हे विसरू नका, वेल्डने वाकलेली फ्लँज गॅस्केट खाते. आजवर एकही तडा नाही.

आता धूर.

इंजिन सुरू केलं की तीन-चार मिनिटं सगळं छान. मग सायलेन्सरमधून निळा धूर, आणि तोही आयडलवर जास्त. रेस दिली की कमी, सोडली की भसकन मोठा लोट. शेजारच्या शेडमधली पोरं शटर ओढून घ्यायला लागली. पहिला संशय अर्थातच पिस्टनच्या रिंगांवर. कॉम्प्रेशन तपासलं तर चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास, तक्रारीला जागा नाही. दुसरा संशय पीसीव्ही व्हॉल्व्हवर, म्हणजे क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणाऱ्या झडपेवर, कारण बूस्टमध्ये इनटेक मॅनिफोल्डचा दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरू शकतो. त्या नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह टाकला, तो तसाही टाकायलाच हवा होता. धुरावर काही फरक नाही. तिसरा संशय टर्बोच्या सीलवर. इथे एका मेकॅनिकने छातीठोकपणे सांगितलं, सील गेलेत. मी २,८०० रुपयांचं रिपेअर किट आणून बसवलं. गाडी सुरू केली, घड्याळ लावलं. चार मिनिटं दहा सेकंदांनी धूर.

मामा त्या दिवशी डाउनपाइपचा, म्हणजे टर्बोतून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीचा, ब्रॅकेट लावायला आले होते. गाडीखाली वाकून त्यांनी टॉर्च मारला, बोट लावलं आणि विचारलं, "ही नळी कशाची?"

म्हटलं, टर्बोतलं तेल परत खाली जायची.

"मग ही वर का चढलीया?"

मी वाकून बघितलं. रबरी नळी टर्बोतून खाली येत होती, मग एसीच्या ब्रॅकेटला वळसा घालायला दोन बोटं वर उचलली जात होती आणि मग संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, जात होती. मीच बसवली होती. दाबाचं तेल आहे, जाईल ढकललं, असं डोक्यात होतं.

"आमच्या कंडेन्सेटच्या, वाफेच्या पाण्याच्या, लायनीला अशी उंटाची पाठ दिली तर चीफ इंजिनिअर चपलेनं मारंल. उतार पायजे, भावा. सलग उतार."

आणि ते बरोबर होतं. टर्बोत तेल जातं ते ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावून काढलेल्या बारीक लाइनमधून, तीन-चार बारच्या दाबाने. पण बेअरिंगमधून बाहेर पडताना तो दाब संपलेला असतो. वर शाफ्टच्या फिरण्याने तेलाला फेस आलेला असतो, ताकासारखा. ते खाली उतरतं ते फक्त स्वतःच्या वजनाने. वाट अडली की टर्बोचं मधलं घर तेलाने भरतं. आणि टर्बोचं सील म्हणजे आपल्या डोक्यातलं रबरी सील नव्हेच, पिस्टनच्या रिंगसारखी एक बारीक लोखंडी रिंग असते. ती उडालेले थेंब अडवते, भरलेलं तळं अडवू शकत नाही. तेल गेलं एक्झॉस्टमध्ये. सील आधीही ठणठणीत होते. २,८०० माझे गेले.

नळी काढली तेव्हा आणखी दोन पापं सापडली. आतला व्यास १२ मिलिमीटर, आणि संपमधलं तोंड तेलाच्या पातळीच्या खाली. तीन चुका एका फुटात! संप उतरवला, धुतला, जुनं तोंड बंद केलं. नवीन तोंड पातळीच्या बऱ्यापैकी वर वेल्ड केलं. १९ मिलिमीटरची नळी, एसीचा ब्रॅकेट कापून सरळ वाट. वरून पेलाभर तेल ओतून बघितलं, गटकन गेलं. मग गाडी सुरू करून मी आणि मामा पाऊण तास सायलेन्सरकडे बघत बसलो. चहा दोनदा झाला. धूर नाही.

बाकीची प्रगती भराभर सांगतो. मूळ ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, मॅप सेन्सर इनटेक मॅनिफोल्डमधला दाब वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतो, बूस्ट त्याला दिसतच नाही. म्हणून स्पीडुइनो हा स्वतः जुळवायचा ईसीयू बसवला, त्यावरचा सेन्सर २५० किलोपास्कलपर्यंत बघतो. क्रँक कुठे आहे हे त्याला कळावं म्हणून क्रँक पुलीवर ३६ वजा एक दातांचं (एक दात मुद्दाम गाळलेलं) चाक लेझरने कापून घेतलं. गंमत म्हणजे चावी फिरवून इंजिन बंद असताना आमच्याकडे दाबाचा आकडा ९५च्या आसपास दिसतो, १०१ नाही. कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर आहे, त्यामुळे बरोबरच आहे. मी मात्र पहिल्यांदा सेन्सर परत करायला निघालो होतो.

इंजेक्टरचा हिशेब असा. १२० बीएचपी धरले, इंजेक्टर ८५ टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, तर प्रत्येकी मिनिटाला सव्वादोनशे सीसीच्या आसपास लागतात. मी २४०चे घेतले. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं, त्याला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं, १४.७ऐवजी साडेतेराच्या आसपास. म्हणून वाइडबँड, म्हणजे एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा मीटर, लॅम्ब्डावर ठेवलाय (नेमकं प्रमाण असेल तर १, इंधन जास्त असेल तर कमी) आणि बूस्टमध्ये ०.८० धरतो, म्हणजे पंपावर काय मिळालं याचा घोळ होत नाही. जुन्या रबरी फ्युएल नळ्या सगळ्या बदलल्या, इथेनॉल त्यांना खातं. पण नॉकिंगच्या, म्हणजे मिश्रण आपोआप भडकण्याच्या, बाबतीत तेच इथेनॉल आपल्या बाजूचं आहे. आमच्या जिल्ह्यातला ऊस असा टर्बोच्या कामी येतोय. इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, बूस्टच्या दर पीएसआयला एक अंश मागे; ०.३५ बार म्हणजे पाच पीएसआय, तेव्हा पूर्ण बूस्टला पाच अंश.

चाचणी गोकुळ शिरगावला मित्राच्या कारखान्याच्या आवारात, तीनशे मीटरच्या पट्ट्यावर. रस्त्यावर नेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात असा बदल बसत नाही, तेव्हा कुणी विचारायच्या आधीच सांगतो, ही गाडी टो करूनच हलते.

पहिल्याच धावेत बूस्ट ०.३५वर थांबलाच नाही. साडेचार हजार आरपीएमला इनटेक मॅनिफोल्डमध्ये १३०ऐवजी १५५ किलोपास्कल दिसले आणि स्पीडुइनोने इंधन तोडलं. ते कटऑफ आधी लावून ठेवलं होतं म्हणून ही नोंद लिहितोय, नाहीतर पिस्टनचे फोटो टाकले असते. कारण सोपं होतं. डिझेलच्या टर्बोचं वेस्टगेटचं भोक लहान, पेट्रोलचा एवढा गॅस त्यातून बाहेर पडेना. उरलेला टर्बाइनच फिरवत बसला. हाउसिंग काढून डाय ग्राइंडरने भोक १७चं २१ मिलिमीटर केलं, झाकणी कडेला नीट टेकते का ते निळी शाई लावून बघितलं. आता पाच हजारांपर्यंत ०.३५ धरतो, वर ०.४२ला सरकतो. साडेपाच हजारांनंतर त्या छोट्या टर्बोत दमच नाही, पण अडीच हजारांपासून जो ओढतो ना, त्यापुढे मी वरचं सगळं सोडायला तयार आहे.

खर्च: टर्बो ५,५००, मॅनिफोल्ड-डाउनपाइप ८,०००, भंगारातला इंटरकूलर (टर्बोने तापलेली हवा थंड करणारा) ३,०००, स्पीडुइनो, सेन्सर आणि वायरिंग १७,०००, वाइडबँड १३,५००, इंजेक्टर आणि पंप ९,०००, तेलाच्या लाइनी, सिलिकॉन होज, क्लॅम्प ६,०००. बेरीज ६२,०००. रिपेअर किट यात धरलेलं नाही, ते मी शिकवणीच्या फीमध्ये टाकलंय. ज्याला कमी पैशात करायचंय त्याने वाइडबँडवर हात आखडू नये, इंटरकूलरवर आखडावा.

शनिवारी तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली. आरपीएमचा काटा तीन हजारांवरून चार हजारांवर गेला आणि गाडी होती त्याच वेगात राहिली. वास आलाच. क्लच प्लेट मूळचीच आहे, तीच घसरतेय. गिअरबॉक्स उतरवायचा तर मामांचा हात लागणार, आणि कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आत त्यांना गाठलं पाहिजे. उद्या सकाळी उद्यमनगर.