पेलेट स्टोव्हमधली न दिसणारी राख

अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला आमचा हा सहावा हिवाळा. तेलावरची भट्टी जुनी झाली आहे, त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल घर ऊबदार ठेवायचं काम दिवाणखान्यातला पेलेट स्टोव्हच करतो. त्यात लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट्स, जळतात. यंदा जानेवारीत, बाहेर उणे 18 सेल्सियस असताना, पूर्ण तापवूनही खोली 62 फॅरनहाइटच्या वर जाईना. रोज पेलेट्सचं 40 पौंडांचं एक पोतं पुरायचं, तिथे दीड लागायला लागलं. सकाळी पुसलेली स्टोव्हची काच दुपारी काळी.

आधी मी पेलेट्सना दोष दिला. महागातली पोती आणली, फरक शून्य. सफाईची शंकाच आली नाही, कारण दर दोन दिवसांनी मी स्वतः राख काढत होते.

उत्तर ज्योतीत होतं. नेहमीची ज्योत आखूड, पिवळीधमक, वाऱ्यावर फडफडल्यासारखी असते. आता ती लांब, नारिंगी आणि सुस्त झाली होती, टोकाला काळा धूर. म्हणजे हवा कमी पडत होती. लाकूड जाळायच्या साध्या शेगडीत धुराडंच हवा ओढतं. पेलेट स्टोव्हमध्ये ते काम धूर बाहेर टाकणारा पंखा करतो. त्याची वाट तुंबली की जळण अर्धवट जळतं, काजळी वाढते आणि वाट आणखी तुंबते.

दुरुस्तीवाल्याकडे दहा दिवसांनंतरची तारीख मिळाली. एवढ्या थंडीत थांबणं शक्य नव्हतं. स्टोव्ह बंद केला, पंखे आपोआप थांबू दिले, प्लग काढला आणि रात्रभर थंड होऊ दिला. ती रात्र तेलाच्या भट्टीवर निघाली.

सकाळी बर्नपॉट, म्हणजे पेलेट्स जळतात ते भोकांचं भांडं, उचलून उजेडाकडे धरला. तळाच्या भोकांपैकी निम्म्यांतून उजेडच येत नव्हता. राख वितळून खंगरासारखी टणक झाली होती. ड्रिलचं पातं हातानेच फिरवत एकेक भोक मोकळं केलं.

पण खरा माल मागे होता. आतल्या विटांचे पत्रे मी आजवर कधी काढलेच नव्हते. ते सरकवले आणि मऊ, फिकट करड्या राखेचा ढीग घसरून माझ्या मनगटापर्यंत आला. वरच्या नळ्यांवरही बोटभर थर होता. घरात येणारी हवा याच नळ्यांतून तापते, आणि राख तर उष्णता अडवणारी. कोल्हापूरला आजीकडे तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत काजळी धरली की पाणी तापायला उशीर व्हायचा, मग आजी काठीला फडकं गुंडाळून नळी पुसायची. मी इथे तारेचा ब्रश घेऊन तेच करत होते.

राख ओढायला राखेसाठीचाच व्हॅक्यूम वापरा, घरातला नको. राखेखाली निखारा बराच काळ जिवंत राहतो आणि साध्या व्हॅक्यूमची पिशवी पेटू शकते. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून लाकडी ओट्यापासून लांब ठेवली.

सर्वांत जास्त वेळ धुराच्या पंख्याने खाल्ला. सहा स्क्रू काढून तो बाहेर घेतला तर पात्यांमधल्या खाचा राखेने लिंपलेल्या. जुना टूथब्रश आणि दीड तास. बाहेरच्या पाइपचं खालचं टोपण उघडून आतून ब्रश फिरवला, हॉपरच्या, म्हणजे पेलेट्स ओतायच्या पेटीच्या, तळाचा भुसा काढला.

शेवटी दाराची परीक्षा. डॉलरची नोट दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. घट्ट अडकली पाहिजे. खालच्या कोपऱ्यात ती अलगद निघून आली. तिथली दोरीची गॅस्केट, म्हणजे दाराची फट बंद करणारी पट्टी, चपटी झाली होती. नवी दोरी स्टोव्हच्या सिमेंटने चिकटवून सुकू दिली. पेटवण्याआधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दाबून तपासला.

संध्याकाळी पेटवला. पाच-सात मिनिटांत ज्योत आखूड आणि पिवळी झाली, रात्री नऊला खोली 70 वर होती, तीही मधल्या गतीवर. गेले तीन आठवडे पुन्हा रोज एकच पोतं लागतंय.

हॉपरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्या दिवसाची तारीख लिहून ठेवली आहे. 50 पोती, म्हणजे एक टन संपलं, की पुन्हा विटांचे पत्रे काढायचे.