हात धुऊन ये, म्हणालो

कोकणातल्या कर्द्याच्या त्या आकाशदर्शनाला दोन महिने झाले, पण ती मुलगी डोक्यातून जात नाही.

किनाऱ्यावर आमचं निम्मं काम डासांशीच असतं. तिन्हीसांजेला माडांच्या वाडीतून डास उठतात आणि लोक जमायची वेळही नेमकी तीच. कॉइल मी लावू देत नाही. आमच्या आठ इंची डॉबसोनियन दुर्बिणीची नळी वरून उघडी, धूर थेट आरशावर बसतो. एकदा तर कुंभारमाशीने फाइंडरच्या, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीच्या, नळीत मातीचं घर बांधलं होतं. टॉर्च लालच. किडे कमी येतात आणि वीस-तीस मिनिटांत अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. हे सगळं सांगूनही त्या दिवशी शेजारच्या हॉटेलवाल्याने पांढरा फ्लडलाइट नऊपर्यंत चालू ठेवला. चिलटांचा नुसता थवा. अशा माणसांना अंधाराची किंमत कशी पटवायची, मला कळत नाही.

मग लोकांनी क्रीम आणि स्प्रे काढले. त्यातलं डीट हे डास पळवणारं रसायन प्लास्टिक-रबर खातं. माझ्या एका आयपीसची, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाची, रबरी कड त्यामुळे चिकट झाली, वरचे आकडे पुसले गेले, भिंगावर उमटलेलं बोट काढता काढता जीव गेला. आधी ब्लोअरने धूळ उडवायची, मग लेन्स पेपरवर अल्कोहोलचा एकच थेंब, तोही हलक्या हाताने. म्हणून नियम केला: क्रीमचे हात दुर्बिणीला नकोत.

साडेनऊला गुरू लावला होता, चारही मोठे चंद्र एका ओळीत. सात-आठ वर्षांची मुलगी पुढे आली, हात स्प्रेने ओले.

"बाळा, आधी हात धुऊन ये."

नळ पार पार्किंगपाशी. आई म्हणाली, "अहो, पावसाळ्यात डेंगी झालाय हिला. हात नाही धुणार ती."

मी सांगायला लागलो, की डेंगीचा डास दिवसा चावतो. खरं होतं ते. पण लेकीच्या उशाशी रात्री जागून काढलेल्या बाईला तेव्हा ते सांगायचं नव्हतं. रांगेतले कुरकुरले. तिने मुलीचा हात धरला आणि दोघी निघून गेल्या. पाऊण तास उभी होती पोरगी.

तिने हात पाठीमागे बांधले असते तरी चाललं असतं. डोळाच तर लावायचा होता.

आता रांगेच्या तोंडाशी बादली, साबण, नॅपकिन ठेवतो. डासांसाठी पिकारिडिनचं औषध आणलंय, ते प्लास्टिकला काही करत नाही. स्टुलाजवळ बॅटरीचा पंखा असतो. वाऱ्यात डासांना नीट उडता येत नाही.

येत्या अमावास्येला पुन्हा कर्द्यालाच कार्यक्रम आहे. नोंदवहीत त्या बाईंचा नंबर आहे. फोन अजून केलेला नाही.