ग्रह फुटला नाही, झालाच नाही

भूशास्त्र शिकवलेल्या माणसाला लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. पहिली, आमच्या शेतात बोअरला पाणी किती फुटांवर लागेल? दुसरी, विशेषतः लोणारला सहल नेली किंवा एखाद्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात बोलायला उभी राहिले की: "मॅडम, मंगळ आणि गुरूच्या मध्ये एक ग्रह होता, तो फुटला आणि त्याचेच लघुग्रह झाले ना?" पहिल्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही, कारण चुकलं तर समोरच्याचे पैसे जमिनीत जातात. दुसऱ्याला आवडीने देते.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: असा ग्रह नव्हता. पण एवढंच सांगून थांबले तर मी तुम्हाला अर्धवट उत्तर दिल्यासारखं होईल, कारण तिथे फुटाफूट झाली हे मात्र खरं आहे.

ही कल्पना अडाणीपणाची मुळीच नाही. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेतून ज्युसेप्पे पियाझी यांना सेरेस सापडला. मंगळ आणि गुरू यांच्यामधली जागा फार मोकळी आहे, तिथे एखादा ग्रह असणार असं बरेच खगोलशास्त्रज्ञ धरूनच चालले होते, त्यामुळे सगळे खूश झाले. पुढच्याच वर्षी ब्रेमेनमध्ये डॉक्टरकी करणाऱ्या हाइनरिख ओल्बर्स यांना जवळपास तितक्याच अंतरावर पॅलस सापडला. एका जागेला दोन ग्रह! ओल्बर्स म्हणाले, इथे एक मोठा ग्रह फुटला असावा. आणि फुटला असेल तर तुकड्यांच्या कक्षा एकमेकींना ठरावीक ठिकाणी छेदतील, तेव्हा त्या ठिकाणांवर नजर ठेवावी. १८०४ मध्ये जुनो सापडला, १८०७ मध्ये खुद्द ओल्बर्सना व्हेस्टा. तर्क चुकीचा होता, पण दुर्बीण बरोबर जागी वळली. असा तर्क मग लवकर मरत नाही, दोनशे वर्षांनीही लोक तो मला ऐकवतात.

तो मोडतो साध्या बेरजेने. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातले सगळे लघुग्रह एकत्र केले तर त्यांचं वस्तुमान आपल्या चंद्राच्या जेमतेम ३ टक्के भरतं, आणि त्यातही एक तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या सेरेसचा. इतक्या मालात ग्रह होत नाही. दुसरं म्हणजे हा माल एकजिनसी नाही. पट्ट्याच्या आतल्या बाजूला कोरडे खडकाळ पिंड जास्त, बाहेरच्या बाजूला काळे, कार्बनचे आणि पाणी मुरलेल्या खनिजांचे जास्त. पृथ्वीवर पडलेले अशनी, म्हणजे आकाशातून आलेले दगड, तपासले तर त्यांच्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचं) प्रमाण सांगतं की ते कित्येक डझन निरनिराळ्या पिंडांवरून आले आहेत. एका ग्रहाचे तुकडे असे वागत नाहीत. तिथे ग्रह जमायला सुरुवात झाली होती, शेजारच्या गुरूने तो जमू दिला नाही. गुरूच्या ओढीने त्या भागातल्या पिंडांचे वेग इतके वाढले की ते एकमेकांवर आदळले तरी चिकटेनात, फुटू लागले. बराचसा माल तर तिथून पारच भिरकावला गेला.

आता जमायचं म्हणजे नेमकं काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सूर्य तयार होताना त्याच्याभोवती वायू आणि धुळीची चपटी चकती फिरत होती. अशा चकत्या आता दुसऱ्या ताऱ्यांभोवती प्रत्यक्ष दिसतात. २०१४ मध्ये चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणींनी एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याभोवतीच्या चकतीचं चित्र घेतलं, त्यात काळी आणि उजळ वर्तुळं स्वच्छ उमटली आहेत. सूर्याजवळ चकती तापलेली, तिथे फक्त खडक आणि धातू घन राहू शकले. दूरवर, साधारण आजच्या लघुग्रहांच्या पट्ट्याच्या आसपास, पाणी गोठून बर्फ होण्याइतकी थंडी सुरू झाली. या सीमेला हिमरेषा म्हणतात. तिच्या पलीकडे बर्फही बांधकामाला मिळाला, म्हणून तिथे गुरू-शनीसारखे दांडगे ग्रह झाले आणि अलीकडे बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ असे लहान, दगडी.

धुळीचे कण एकमेकांना चिकटून खड्याएवढे होतात, इथवर ठीक. पुढे मोठी अडचण आहे, आणि ती पाठ्यपुस्तकांत बहुतेक वेळा गाळलेली असते. मीटरभर आकाराचा धोंडा दुसऱ्या धोंड्यावर आदळला की चिकटत नाही, उडतो किंवा फुटतो. शिवाय चकतीतला वायू त्याला सतत समोरून अडवतो, त्यामुळे वेग कमी होऊन तो काही शतकांत सूर्याकडे घसरत जातो. म्हणजे वाढायला वेळच नाही. आज सगळ्यात पटणारं उत्तर असं की खडे एकेक करून वाढलेच नाहीत. वायूच्या अडथळ्यामुळे ते दाटीवाटीने एकत्र आले, दाटी पुरेशी झाली की स्वतःच्याच गुरुत्वाने तो अख्खा थवा एकदम कोसळला आणि थेट कित्येक किलोमीटरचे पिंड झाले. यांना ग्रहाणू म्हणतात. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स यान नेपच्यूनच्या पलीकडच्या ॲरोकॉथ या लहानशा पिंडाजवळून गेलं. दोन चपटे गोळे एकमेकांना टेकलेले, दोन्हींची मिळून लांबी सुमारे ३६ किलोमीटर, आणि टेकल्याच्या जागी चिरडल्याची फारशी खूण नाही. माणूस चालतो तितक्याच बेताच्या वेगाने ते भेटले असावेत. धडकाधडकीने वाढलेला पिंड असा दिसला नसता.

हे सगळं पृथ्वीवर बसून का कळत नाही? कारण पृथ्वीने तिचा जन्मदाखला वितळवून टाकला. सह्याद्रीचा आपला कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. पृथ्वीवरचे सगळ्यात जुने खनिजकण, ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे झिरकॉन, ४४० कोटी वर्षांचे. त्याआधीचं इथे काही शिल्लक नाही. टकरींच्या आणि किरणोत्साराच्या उष्णतेने पृथ्वी वितळली, आणि लोणी कढवताना बेरी तळाला बसून वर तूप राहतं तसं जड लोखंड आणि निकेल केंद्राकडे गेलं, हलके सिलिकेट, म्हणजे खडकांची खनिजं, वर राहिले. लोखंडाबरोबर त्याला चिकटून राहणारे धातूही गेले, त्यात सोनं आणि प्लॅटिनमही. आज खाणीत मिळणारं सोनं बहुतांशी नंतर पडलेल्या लघुग्रहांनी वर घातलेली भर आहे, असं बरेच भूरसायनशास्त्रज्ञ मानतात. सराफाच्या दुकानात हे सांगून पाहिलं आहे, भावात फरक पडत नाही.

म्हणूनच पृथ्वीचं वय पृथ्वीच्या दगडावरून ठरलेलं नाही. क्लेअर पॅटरसन या अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये ते काढलं आणि १९५६ मध्ये प्रसिद्ध केलं: ४५५ कोटी वर्षं. त्यासाठी त्यांनी वापरलेल्या नमुन्यांत कळीचा होता ॲरिझोनातलं प्रसिद्ध विवर ज्याने खोदलं त्या लोखंडी अशनीचा तुकडा, आणि त्यातलं शिसं. युरेनियमपासून शिसं होतं, पण या तुकड्यातल्या एका खनिजात युरेनियम जवळपास नव्हतंच, म्हणजे सूर्यमाला जन्मली तेव्हाचं मूळ शिसं त्यात तसंच टिकलं होतं. मोजताना प्रयोगशाळेत सगळीकडून शिसं मिसळतंय हे त्यांच्या लक्षात आलं. ते कुठून येतंय याचा माग काढत ते पेट्रोलपर्यंत पोहोचले आणि पुढे शिसेयुक्त पेट्रोलविरुद्ध त्यांनी कित्येक वर्षं लढा दिला. मोठी हकीकत आहे, इथे मावणार नाही.

याहून जुना कागद आपल्याला मिळाला तो ८ फेब्रुवारी १९६९ च्या रात्री, मेक्सिकोतल्या चिवावा राज्यात. आयेंदे गावाच्या परिसरात दोन टनांहून जास्त अशनी पडले. त्याच वर्षी चंद्रावरचे दगड येणार म्हणून अमेरिकेतल्या प्रयोगशाळा तयारच बसल्या होत्या. या काळ्या दगडांत पांढुरके, वेडेवाकडे डाग आहेत, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमच्या खनिजांचे. तापलेली चकती निवताना सगळ्यात आधी घन झाला तो हा पदार्थ. त्याचं वय ४५६.७ कोटी वर्षं, आणि सूर्यमालेचा शून्य दिवस आपण तिथून मोजतो. बाकी दगड कॉन्ड्रूल नावाच्या बारीक गोल दाण्यांनी भरलेला असतो. ते एकदा वितळून झटकन थिजलेले थेंब आहेत. कशाने वितळले यावर तज्ज्ञांचं अजून भांडण आहे.

जाता जाता एक: असे दगड सापडले म्हणून लोक माझ्याकडे पिशव्या घेऊन येतात. आपल्याकडचा काळा, जड, छिद्रांचा दगड म्हणजे बहुधा बेसॉल्ट नाहीतर भट्टीतली मळी. अशनीत अशी बुडबुड्यांची छिद्रं जवळपास कधीच नसतात.

आता त्या अर्ध्या खऱ्या भागाकडे. सुरुवातीच्या ग्रहाणूंमध्ये ॲल्युमिनियम-२६ हे ॲल्युमिनियमचं किरणोत्सारी समस्थानिक भरपूर होतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे ७ लाख वर्षं. जे पिंड घाईने, पहिल्या दहा-वीस लाख वर्षांत तयार झाले ते या उष्णतेने आतून वितळले, त्यांच्यातही लोखंडाचा गाभा आणि वर खडक अशी वाटणी झाली. जे उशिरा झाले, त्यांना ती उष्णता मिळाली नाही, ते कच्चे राहिले, आयेंदेसारखे. वितळलेल्यांपैकी काही पुढे टकरींत फुटले. लोखंडी अशनी म्हणजे बहुतेक त्यांच्या गाभ्याचे तुकडे. असा अशनी कापून, घासून, आम्ल लावलं की लोखंड-निकेलच्या स्फटिकांची एकमेकींत गुंतलेली पट्ट्यापट्ट्यांची नक्षी दिसते. ती उमटायला धातू दहा लाख वर्षांत काही अंश ते काही हजार अंश इतका सावकाश निवावा लागतो. कारखान्यात ती करता येत नाही.

म्हणजे फुटले ते ग्रह नव्हेत, ग्रह होऊ पाहणारे लहान पिंड, आणि तेही अनेक. व्हेस्टा मात्र वाचला. सुमारे ५२५ किलोमीटर व्यास, आत गाभा, वर लाव्हाचं कवच. डॉन यानाने २०११-१२ मध्ये त्याची पाहणी केली तेव्हा दक्षिण ध्रुवावर जवळपास त्याच्या व्यासाइतकंच रुंद विवर दिसलं. त्या धक्क्याने उडालेले तुकडे आपल्याकडे अशनी म्हणून पडले आहेत, रसायन जुळतं. सायकी हा लघुग्रह मात्र सोन्या-लोखंडाचा डोंगर म्हणून व्हॉट्सॲपवर फिरत असतो. त्याची घनता शुद्ध लोखंडाच्या निम्म्याच्या आसपास आहे, तेव्हा पैसे गुंतवण्याआधी थांबा. त्याच्याकडे निघालेलं यान २०२९ मध्ये पोहोचणार आहे.

लहान लघुग्रह तर अखंड दगडही नसतात. बेन्नू अर्ध्या किलोमीटरचा, घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त. २०२० मध्ये ओसिरिस-रेक्स यानाचा हात त्याला टेकला आणि सरळ अर्धा मीटर आत गेला, कुणी अडवलंच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथली १२१.६ ग्रॅम माती युटाच्या वाळवंटात उतरली. मला त्यातल्या अमिनो आम्लांपेक्षा (सजीवांच्या प्रथिनांतल्या २० पैकी १४ सापडली) क्षारांचं जास्त अप्रूप वाटलं. सोडियम कार्बोनेटचे क्षार निघाले, आपल्या पापडखाराच्या जातीचे, लोणारचं पाणी ज्यांच्यामुळे अल्कधर्मी झालं आहे त्यातले. असे क्षार खारं पाणी सावकाश आटलं की मागे राहतात. म्हणजे बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा आहे, त्याच्या पोटात कधीकाळी पाणी होतं आणि ते आटलं.

यानंतर लोक विचारतात, मग धूमकेतू वेगळे कसे? ते आणखी दूर, आणखी थंडीत जमले, म्हणून त्यांच्यात बर्फ टिकला. रोझेटा यान २०१४ मध्ये ६७पी या धूमकेतूपाशी पोहोचलं. त्याची घनता पाण्याच्या निम्म्याइतकी, आत बरीचशी पोकळी. वरून मात्र तो काळाकुट्ट, पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्केच परत पाठवणारा. त्याच्या वायूंत हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया होता, म्हणजे वास सडक्या अंड्यांचा. त्याच्या पाण्यात जड हायड्रोजनचं प्रमाण आपल्या समुद्राच्या तिप्पट निघालं. पृथ्वीचं पाणी धूमकेतूंनी आणलं ही जुनी समजूत तिथे डळमळली. हार्टली-२ या दुसऱ्या एका धूमकेतूचं प्रमाण समुद्राशी जुळतं, म्हणून ती पुरती पडलेली नाही. पण माझं मत विचाराल तर पारडं पाणी मुरलेल्या लघुग्रहांकडे झुकतं.

त्याआधीची गोष्ट आणखी गमतीची. जानेवारी २००६ मध्ये स्टारडस्ट यान विल्ड-२ या धूमकेतूची धूळ घेऊन परतलं. अपेक्षा होती की थंडीत जमलेला पिंड, तर धूळही सूर्यमालेच्या आधीची, ताऱ्यांमधली असेल. निघाले ते हजार अंशांहून जास्त उष्णतेत जन्मलेले कण, आयेंदेच्या पांढऱ्या डागांच्याच जातीचे. सूर्यालगत भाजलेली धूळ ग्रह होण्याआधीच नेपच्यूनच्या पल्याड पोहोचली होती. ती कशी गेली यावर दोन पक्ष आहेत: एक म्हणतो सूर्याजवळून सुटणाऱ्या झोतांनी तिला चकतीच्या वरून फेकलं, दुसरा म्हणतो चकतीतल्या वायूच्या खळबळीतून ती हळूहळू बाहेर सरकत गेली. मला दुसरं जास्त पटतं, पण पहिल्या पक्षाचंही गणित सुटतं.