तोब्रुकच्या आभाळातला माणूस: फ्रायबुर्गच्या दप्तरखान्यातले माझे दिवस

माझे आजोबा 'काळी पाचवी'त होते, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये. २० जून १९४२ च्या पहाटे, लिबियातल्या ब्रिटिशांच्या ताब्यातल्या तोब्रुक बंदराच्या आग्नेय कडेवर, याच पलटणीच्या मोर्चावर जर्मन सेनापती रोमेलचा मुख्य घाव पडला. आधी स्टुका या जर्मन बॉम्बफेकी विमानांचे बॉम्ब, मग रणगाडे. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला आणि तेहेतीस हजारांच्या आसपास सैनिक कैद झाले. आजोबा त्यातलेच. पुढे इटलीत आवेझ्झानोच्या छावणीत होते. घरी ते याबद्दल फारसं बोलत नसत. मात्र विमानाचा आवाज आला की हातातलं काम सोडून उभे राहायचे, आवाज पार विरेपर्यंत.

मी जर्मन शिकवते. आजोबा गेल्यावर मनात आलं, वरून ती विमानं उडवणारे कोण होते ते जर्मन कागदांतून वाचावं. वाळवंटातल्या जर्मन लढाऊ वैमानिकांत एक नाव सारखं पुढे येतं, हान्स-योआखिम मार्सेय. त्याची कारकीर्द कागदावरून स्वतः जुळवायची असं ठरवलं. त्याला दोन वर्षं लागली. कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या अर्जात मी 'मार्सेयबद्दल जे काही असेल ते सर्व' असं मागितलं. असं मागायचं नसतं. जर्मन संघराज्याच्या लष्करी अभिलेखागारात, म्हणजे फ्रायबुर्गला, आधी 'इनव्हेनियो' नावाच्या ऑनलाइन सूचीत शोधावं लागतं, बस्त्याचा क्रमांक काढावा लागतो आणि कशासाठी हवं ते अर्जात लिहावं लागतं. 'आरएल १०' म्हणजे हवाई दलाच्या उडणाऱ्या तुकड्या, 'पर्स ६' म्हणजे वैयक्तिक फायली. हे कळायला मला तीन महिने लागले. शिवाय युद्ध संपताना लुफ्तवाफेची, म्हणजे जर्मन हवाई दलाची, बहुतेक कागदपत्रं जाळली गेली. सलग काही मिळणार नाही, तुकडेच मिळतील, हे मनाशी धरूनच तिकीट काढलं.

वाचनालयात पिशवी कपाटात ठेवायची आणि फक्त पेन्सिल आत न्यायची. बराचसा मजकूर टंकलिखित असतो, पण समासातले शेरे जुन्या जर्मन वळणात. मोडी शिकलेल्या माणसाला ही अडचण ओळखीची वाटेल. अक्षरं एकेक करून लागत नाहीत, शब्दाचा आकारच ओळखावा लागतो. पहिला दिवस एका शेऱ्यावर गेला. संध्याकाळी कळलं, तिथे फक्त 'पाहिलं' असं लिहिलं होतं.

कारकिर्दीचा सांगाडा सरळ आहे. जन्म १३ डिसेंबर १९१९, बर्लिन. पहिलं विमान पाडलं ऑगस्ट १९४० मध्ये, इंग्लंडवरच्या लढाईत. वरिष्ठांचं न ऐकणं, परवानगीशिवाय करामती, यापायी बदल्या होत गेल्या. योहानेस श्टाइनहोफच्या तुकडीतून काढून त्याला २७ क्रमांकाच्या लढाऊ गेश्वाडरमध्ये, म्हणजे अनेक तुकड्यांच्या मोठ्या दळात, पाठवलं आणि एप्रिल १९४१ मध्ये तो आफ्रिकेत उतरला. तिथे पहिलं विमान पाडलं २३ एप्रिलला, आणि त्याच दिवशी तोही पाडला गेला. पाडणारा जेम्स देनी, 'फ्री फ्रेंच' वैमानिक, म्हणजे ब्रिटिशांच्या बाजूनं लढणारा फ्रेंच. महिन्याभरात देनीनंच त्याला पुन्हा पाडलं. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. गौरवाच्या गोष्टींत तो झटपट उरकतात.

नेमका नेमबाज तो नंतर झाला. शत्रूची विमानं बचावासाठी गोल फिरू लागली की तो वेग कमी करून त्या वर्तुळात शिरायचा. समोरचं विमान पुढच्या क्षणी जिथे असेल तिथे गोळ्या टाकायचा. हे साधायला त्याला सरावाचे महिने लागले. गेश्वाडरमधल्या त्याच्या ग्रुपचा प्रमुख एडुआर्ड नॉयमान यानं त्याला तो वेळ दिला.

त्यानं पाडल्याचा दावा केलेल्या विमानांचा आकडा १५८. त्यातली १५१ विमानं आफ्रिकेत. खरं काम मला इथेच लागलं. जर्मन दावा मंजूर व्हायला वेळ, जागा, उंची, विमानाचा प्रकार आणि साक्षीदार लागत. मार्सेयचा जोडीदार राइनर प्योटगेन याला सोबती 'उडतं मोजयंत्र' म्हणायचे. मार्सेय गोळ्या झाडत असताना त्याची पाठ सांभाळायची आणि कुठलं विमान कधी, कुठे पडलं ते टिपायचं, दोन्ही त्याच्याकडेच. म्हणजे हा आकडा बऱ्याच अंशी याच एका माणसाच्या डोळ्यांवर उभा आहे.

दाव्यांच्या यादीसमोर ब्रिटिश स्क्वॉड्रनांचे रोजनामचे ठेवायचे होते. ते लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एआयआर २७' या मालिकेत आहेत. दक्षिण आफ्रिकेचे त्यात नाहीत, 'एआयआर ५४' मध्ये आहेत. हे माहीत नसल्यामुळे माझा एक आठवडा गेला. जर्मन नोंदीत जागा नकाशाच्या चौकटीनं दिलेली असते, ब्रिटिश नोंदीत जवळच्या ठिकाणाच्या नावानं. दोन्ही बाजूंची घड्याळंही एकच वेळ दाखवत नव्हती. मी मोठ्या कागदावर दोन रकाने आखले, डावीकडे दावा, उजवीकडे नुकसान. मधली जागा मुद्दाम रुंद ठेवली.

३ जून १९४२, लिबियातल्या बीर हकीमजवळ. मार्सेयचे अकरा मिनिटांत सहा दावे, समोर दक्षिण आफ्रिकेची ५ क्रमांकाची स्क्वॉड्रन. तिचं नुकसान खरोखरच मोठं झालं होतं. या दिवशी रकाने बरेचसे जुळले.

१ सप्टेंबर १९४२, इजिप्तमधली आलम हल्फाची लढाई. सकाळी चार, अकराच्या सुमारास दहा मिनिटांत आठ, संध्याकाळी पाच. एका दिवसात सतरा. इथे काही दाव्यांसमोर वैमानिकाच्या नावानिशी नोंद मिळते. काहींसमोर दाव्यातल्या किटीहॉक विमानाऐवजी दुसऱ्याच प्रकारचं, हरिकेन निघतं, काहींसमोर काहीच नाही. इतिहासकारांत यावर आजही एकमत नाही. माझं मत असं, की त्यानं जाणून खोटं सांगितलं असं दाखवणारं काही नाही, पण सतरा हा आकडा जसाच्या तसा घ्यायलाही आधार नाही. आकाशात कुणी वाकडं होत खाली गेलं की ते पडलंच असं वाटतं. कित्येकदा ते घरी पोचलेलं असतं.

उजव्या रकान्यात लिहिताना हात जड व्हायचा. 'परतला नाही' असे दोन शब्द, पुढे वय नाही, गाव नाही. डाव्या बाजूला मात्र पदकांची रांग. त्या सप्टेंबरात त्याला हिरेजडित नाइट्स क्रॉस हे जर्मन शौर्यपदक जाहीर झालं, ते मिळवणारा चौथा माणूस. प्रत्यक्षात ते त्याच्या हातात कधीच पडलं नाही.

त्या कागदांत मला एक माणूस भेटला आणि मी तिथेच थांबले. मॅथ्यू लेटुलू, दक्षिण आफ्रिकेचा कृष्णवर्णीय कॉर्पोरल. तो २१ जून १९४२ ला तोब्रुकला कैद झाला, म्हणजे आजोबांबरोबरच. आजोबा इटलीत गेले. लेटुलू मार्सेयच्या तळावर आला आणि त्याचा मदतनीस झाला. जर्मन सोबती त्याला 'माथियास' म्हणत. दोघांची घट्ट मैत्री होती, आणि मार्सेय नाझी विचारांचा नव्हता याचा हा पुरावा, असं नेहमी सांगितलं जातं. त्यांच्यात जिव्हाळा असेलही. पण एक कैदी होता आणि दुसरा ज्या राजवटीसाठी लढत होता ती वंशावर उभी होती. नको म्हणायची मोकळीक लेटुलूला कितपत होती, हे आधी विचारायला हवं. आजोबांच्या उभं राहण्याची आठवण नसती, तर मलाही हा प्रश्न पडला नसता.

शेवट थोडक्यात. ३० सप्टेंबर १९४२ ला मार्सेय नव्या मेसरश्मिट १०९ जी-२ मधून स्टुकांच्या संरक्षणाला गेला होता. परतताना इंजिनात बिघाड होऊन धूर कॉकपिटमध्ये भरला. विमान उलटं करून त्यानं उडी घेतली, पण शेपटीच्या उभ्या पंख्यावर आदळला. पॅराशूट उघडलं नाही. इजिप्तमधल्या सिदी अब्देल रहमानच्या दक्षिणेला तो पडला. वय बावीस. शत्रूची गोळी त्याला त्या दिवशी लागली नव्हती.

हँबुर्गजवळच्या आपेन इथल्या जर्मन हवाई दलाच्या छावणीला १९७५ पासून त्याचं नाव होतं. २०२१ मध्ये ते बदलून युर्गेन शूमान याचं दिलं, १९७७ मध्ये अपहरणकर्त्यांनी एडनला गोळी घातलेल्या लुफ्तहान्साच्या कॅप्टनचं. मला हा निर्णय योग्य वाटतो. माझ्या कागदावर मात्र मार्सेयचं नाव आहे तिथेच आहे.

परत येताना तो कागद गुंडाळून हातातल्या सामानातच ठेवला. घरी भिंतीवर लावल्यावर लक्षात आलं, २० आणि २१ जूनच्या ओळीत त्याचा एकही दावा नाही. शंभराचा टप्पा ओलांडून तो दोनच दिवस आधी सुट्टीवर जर्मनीला निघाला होता. आजोबा ज्यांच्याकडे बघत उभे राहायचे, त्या विमानांत तो नव्हता. त्या दोन तारखांसमोर मी पेन्सिलीनं पलटणीचं नाव लिहिलं आणि उजव्या रकान्यात लेटुलूचं.