ते तीन सूर

माझे वडील कोल्हापुरात पेट्या दुरुस्त करायचे. मी एनिसला कॉन्सर्टिना दुरुस्त करतो. मधली वीस वर्षं सांगत बसत नाही. पण इथे आयर्लंडमध्ये अकॉर्डियनला लोक साधं ‘बॉक्स’ म्हणतात हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा आपण घरापासून फार लांब आलेलो नाही असं उगीच वाटून गेलं होतं. पेटीच ती.

कॉन्सर्टिना ही पेटीची लांबची भाची म्हणा. षट्कोनी, दोन्ही तळव्यांत मावणारी, मधे भाता. तीस बटणं. प्रत्येक बटणाला भाता दाबताना एक सूर आणि ओढताना दुसरा, म्हणजे आत साठ जिभा, हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या. जुन्या चांगल्या वाद्यात प्रत्येक जीभ पितळेच्या छोट्या चौकटीत बसवलेली असते आणि ती चौकट लाकडातल्या खाचेत खणासारखी सरकते. अंगठ्यानं ढकलली की बाहेर येते. सूर लावायची रीत मात्र वडिलांनी शिकवली तीच: जिभेच्या टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. आणि त्यांचं पुढचं वाक्यही तेच, की कानशीनं काढलेलं पितळ परत येत नाही.

जुलैतला गुरुवार होता. विली क्लॅन्सी हे पाइप्स वाजवणारे १९७३ च्या जानेवारीत वारले आणि त्याच वर्षी मिलटाउन मॉलबे या त्यांच्या गावात त्यांच्या नावानं उन्हाळी शाळा सुरू झाली. आपल्याकडे वारीचे दिवस असतात त्याच सुमाराला इकडे हा आठवडा येतो. सकाळी वर्ग, संध्याकाळी पबांमधून सेशन, म्हणजे मिळून वाजवायच्या बैठका, आणि वाद्यं दमट हवेनं किंवा बिअरनं बिघडली की ती आमच्याकडे.

सोमवारी एक मुलगी कॉन्सर्टिना देऊन गेली होती. डब्लिनची, तेवीस-चोवीसची, संगीतात पदवी घेतलेली. वाद्य तिच्या आजीच्या बहिणीचं. म्हातारी क्लेअर जिल्ह्याच्या पूर्व भागात फीकलजवळ राहायची, वसंतात गेली. काम सोपं होतं. आजचा सगळ्यांचा ‘ए’ हा सूर ४४० हर्ट्झवर असतो, या वाद्याचा भरला ४४६. सेशनमध्ये बसलं तर शेजारचे लोक तोंड वेंगाडणार. “चारशेचाळीसवर आणून द्या,” म्हणाली.

गुरुवारी सकाळी मी वाद्य उघडलं. बाजूचे सहा स्क्रू काढले, उजवीकडची आतली ओळ घेतली, पहिल्या तीन जिभा बुडाशी घासून उतरवल्या. तिसरी खाचेत सरकवतोय तोच दार वाजलं.

ऐंशीच्या पुढचे गृहस्थ. हातात फिडलची, म्हणजे व्हायोलिनची, पेटी, अंगात जुलैतही लोकरी कोट. टेबलाकडे न बघताच म्हणाले, “तिची कॉन्सर्टिना इथे आलीय असं ऐकलं. हात लावला नाहीस ना अजून?”

आणि मी म्हणालो, “नाही हो, नुसतं उघडून बघत होतो.”

का म्हणालो, विचारू नका. शाळेत गृहपाठ दाखवताना तोंडातून जे निघतं तसं निघालं. मग मी सहाच्या सहा स्क्रू परत लावले, जणू काही झालंच नाही.

गृहस्थ तिचे शेजारी. तीसेक वर्षं तिच्या स्वयंपाकघरात तिच्याबरोबर फिडल वाजवलेले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं: ते वाद्य तिचं आहे, तिचा सूर चढा होता, आम्ही सगळे फिडल तिच्याला मिळवून घ्यायचो. ती कुणाला मिळवायला गेली नाही. आता ते डब्लिनच्या सुरात आणणार असाल तर तिचं काय राहिलं?

मी ज्यांच्याकडे काम करतो त्या मालकांनी मुलीला फोन लावला. ती वर्ग संपवून दुपारी येणार म्हणाली. मग चहा झाला, आणि चहाबरोबर ते सुरू झालं जे इथे कुठल्याही दोन वाजवणाऱ्यांना अर्धा तास एका खोलीत ठेवलं की सुरू होतं. आपल्याकडे ‘आमच्या घराण्यात असं गात नाहीत’ म्हणतात ना, तोच प्रकार, फक्त घराण्याच्या जागी जिल्हा. जिल्हा तरी कशाला, टेकडीची ही बाजू की ती.

आमचे मालक स्लायगो जिल्ह्याचे. स्लायगोच्या माणसापुढे मायकेल कोलमनबद्दल जपून बोलावं. हा कोलमन १८९१ मध्ये तिथे जन्मला, १९१४ ला अमेरिकेला गेला, न्यूयॉर्कमध्ये त्याच्या फिडलच्या तबकड्या निघाल्या आणि त्या बोटीनं मायदेशी परतल्या. खेड्याखेड्यातले फिडलवाले ग्रामोफोनला कान लावून त्याच्यासारखं वाजवू लागले.

“एका माणसानं न्यूयॉर्कमध्ये बसून अख्ख्या देशाचे हात सारखे करून टाकले,” म्हातारबा म्हणाले. “माझ्या चुलत्यानं तबकडी ऐकली आणि बापाकडून शिकलेलं सगळं सोडून दिलं. लाज वाटायला लागली त्याला स्वतःच्या हाताची.”

“चांगलं वाजवणारा ऐकला म्हणून,” मालक.

“वेगात वाजवणारा ऐकला म्हणून.”

पूर्व क्लेअरची चाल संथ, जराशी उदास. तिथले लोक ती अभिमानानं सांगतात आणि बाकीचे ‘झोप येते’ म्हणतात. मग गाडी ‘टार्बोल्टन’ या रीलवर, म्हणजे नाचाच्या धुनेवर, आली. कोलमननं १९३४ मध्ये एका तबकडीवर ही रील आणि तिच्यामागे आणखी दोन अशा सलग वाजवल्या. आजही सेशनमध्ये कुणी टार्बोल्टन सुरू केली की पुढच्या दोन आपोआप येतात, त्याच क्रमानं. म्हातारबांना याचा भयंकर राग. “तबकडीच्या एका बाजूला तीन मावल्या म्हणून तीन! तो काय वेद आहे?” वेद हा शब्द माझा, ते बायबल म्हणाले.

मालकांनी कप खाली ठेवला. “टार्बोल्टन मुळात स्कॉटलंडमधलं गाव आहे, माहितीय ना?”

“माहितीय. म्हणून तर मी ती वाजवत नाही.”

मी खाली मान घालून दुसऱ्याच एका अकॉर्डियनचं चामडं कापत होतो. त्या तीन जिभा डोक्यातून जाईनात. शिवाय हसूही येत होतं, कारण टेबलावरच्या त्या ‘अस्सल’ वाद्याचा जन्मदाखला मला पाठ होता. दाबताना एक सूर, ओढताना दुसरा देणारी ही कॉन्सर्टिना केम्निट्झच्या कार्ल उह्लिगची, जर्मनीतली, १८३४ च्या आसपासची, बांधणी लंडनची. ज्या अकॉर्डियनला १९६२ मध्ये शॉन ओ रिआडा या संगीतकारानं रेडिओवरून परकं ठरवून झोडपलं, तिचंही मूळ असंच बाहेरचं. त्यानं केली बँडनाही, म्हणजे नाचाला साथ करणाऱ्या वाद्यवृंदांनाही, सोडलं नाही. उलट्या बरणीतल्या माशीची गुणगुण म्हणाला. आणि ते बँड तरी का वाढले? १९३५ च्या कायद्यानं सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला, पाद्री आणि पोलिस घरातल्या नाचांवरही उठले, लोक मोठ्या हॉलकडे गेले आणि हॉल भरायला एका फिडलचा आवाज पुरेना. वडील असते तर म्हणाले असते, यात नवीन काय? आपल्या पेटीलाही परदेशी, मींड नसलेली म्हणून रेडिओनं १९४० मध्ये बाहेर काढलं, ते १९७१ पर्यंत. त्या सगळ्या वर्षांत एकही भजन पेटीवाचून अडलं नव्हतं.

मुलगी दीडला आली. मला वाटलं आता भांडण. तसं झालं नाही. तिनं त्यांना ओळखलं, लहानपणी उन्हाळ्यात बघितलं होतं. “तुम्ही म्हणता ते कळतं मला,” ती म्हणाली, “पण हे कपाटात ठेवायचं का मग? मी चारशेचाळीसवाल्या लोकांत वाजवते. माझ्याबरोबर कोण सूर चढवून बसणार आहे?”

म्हातारबांनी उत्तर दिलं नाही. फिडल काढली, खुंट्या पिळत बसले, आणि मानेनं खूण केली. तिनं टेबलावरून कॉन्सर्टिना उचलली.

आता बोलायला हवं होतं मी. बोललो नाही.

तिनं एक सूर धरला, त्यांनी त्यावरून तारा चढवल्या. मग एक संथ रील. पहिल्या चार मात्रांतच त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण गज थांबला नाही. पूर्ण फेरी वाजवली, डोळे मिटून. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर गज उचलला.

“जी, बी आणि वरचा डी,” ते म्हणाले. “आतल्या ओळीतले. दाबताना. ओढताना ठीक आहेत.”

मुलगी बटणांकडे बघत राहिली. मालकांनी माझ्याकडे बघितलं. म्हातारबा मात्र फिडलकडेच बघत होते, आणि त्यांनी मुद्दाम तसं केलं असं मला आजही वाटतं.

मी कबूल केलं. तीन जिभा, सकाळी, तुम्ही यायच्या आधी. कान तापले होते. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

“परत चढवता येतील?” मुलीनं विचारलं.

चढवता येतात. टोकाला घासायचं. पण जीभ दोन्हीकडून झिजते, आणि आवाजाचा पोत तसूभर बदलतो. मी तेही सांगितलं, आता लपवून काय करायचं होतं. “चढवा,” ती म्हणाली. “बाकीचं आत्ता राहू दे.”

भिंग लावून मी पहिली जीभ बाहेर काढली, आणि तेव्हा सकाळी घाईत न दिसलेलं दिसलं. बुडाशी माझ्या कानशीच्या चमकदार रेघा होत्या, आणि त्यांच्या खाली दुसऱ्याच हाताच्या, आडव्या, काळपटलेल्या. शेजारची जीभ काढली, तिच्यावरही त्याच. सगळ्याच ओळीवर. म्हणजे हे वाद्य पूर्वी कुणीतरी एकदा उतरवलं होतं. त्या काळी इंग्लंडात चढा सूर ४५२ च्या वर असायचा. तिथून ते ४४६ वर आलं असणार. मी भिंग म्हातारबांच्या हातात दिलं.

त्यांनी बराच वेळ बघितलं.

“हो,” ते म्हणाले. “ती बहिणीकडे लंडनला गेली होती तेव्हाचं हे. मी शाळेत होतो. परत आली तर पेटी उतरलेली. माझे वडील दोन महिने तिच्याकडे वाजवायला गेले नाहीत. म्हणाले, वाटोळं केलं बाईनं.”

“मग?” मुलगी.

“मग काय? सवय झाली त्यांना.”

“तुम्हालाही होईल की.”

“पोरी,” ते म्हणाले, “माझ्याकडे तेवढी वर्षं नाहीत.”

 मुलगी मला म्हणाली, सेशनसाठी मी दुसरी बघते, ही अशीच द्या. कधीतरी परत घेऊन येईन. कधी ते तिनं सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

तीन जिभा जागेवर आणायला मला साडेपाच वाजले. ते दोघं तोवर बाहेर मालकांच्या बाकावर बसले होते, तिच्या मोबाइलवर काहीतरी वाजत होतं, आणि उघड्या खिडकीतून म्हातारबांचा आवाज येत होता: “नाही, नाही, हे परत तबकडीतलंच आहे.”

संध्याकाळी मालकांनी कामाची वही उघडली. त्या नोंदीपुढे लिहिलं: तीन उतरवल्या, तीन चढवल्या. रकमेच्या रकान्यात रेघ ओढली आणि वही माझ्याकडे सरकवली, सहीसाठी.