गरोदरपणातील गोळ्यांचा ताळमेळ : माझा अनुभव

मला चौथा महिना लागला, तेव्हा खानापूर तालुक्यातील आमच्या घरच्या फडताळात आशाताईंनी आरोग्य केंद्रातून आणून दिलेल्या तांबड्या गोळ्या, बेळगावच्या खासगी डॉक्टरांनी लिहून दिलेली लोहाची आणि कॅल्शियमची पाकिटे, आणि नणंदेने प्रेमाने पाठवलेला प्रोटीन पावडरीचा डबा व मल्टिव्हिटॅमिनची बाटली, असे सर्व काही जमले होते. प्रत्येकाने काळजीपोटीच दिले होते, परंतु यांपैकी काय एकत्र घ्यायचे आणि काय वगळायचे, हे कोणी सांगितले नव्हते.

पहिले तीन महिने मी केवळ फोलिक अ‍ॅसिड घेत होते. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते, म्हणून ही गोळी दिवस राहण्याआधीपासूनच सुरू करायला हवी होती, हे मला उशिरा कळले आणि त्याची रुखरुख आजही आहे.

दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या तपासणीला मी तायी कार्डासोबत (कर्नाटकात गरोदर मातेला मिळणारे नोंदींचे कार्ड) ही सारी पाकिटे पिशवीत घालून नेली. कार्डावरची कन्नड नोंद मला नीट वाचता येत नसल्याने सिस्टरांनी ती मराठीत समजावून सांगितली. माझे हिमोग्लोबिन १०.२ होते, आणि गरोदरपणात ते ११ पेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात. तांबड्या गोळीत ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असते. मला दिवसाला अशा दोन गोळ्या सांगण्यात आल्या आणि खासगी पाकिटातली १०० मिलीग्रॅम लोहाची गोळी बंद झाली. बेळगावच्या डॉक्टरांनीही फोनवर त्यास संमती दिली. मल्टिव्हिटॅमिनमध्ये रेटिनॉलच्या रूपातील अ जीवनसत्त्व होते. ते जास्त झाल्यास गर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून ती बाटली बाजूला ठेवली. प्रोटीन पावडरीच्या डब्यावर साखरेचे प्रमाण वाचल्यावर त्याऐवजी दूध, उसळ आणि शेंगदाणे पुरेसे आहेत, असे माझे मत झाले.

सर्वांत अधिक गोंधळ कॅल्शियमने केला. पाकिटावर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलीग्रॅम लिहिलेले पाहून ही मात्रा फार मोठी आहे असे वाटून मी आठवडाभर अर्धीच गोळी घेत होते. प्रत्यक्षात त्यातून मिळणारे कॅल्शियम ५०० मिलीग्रॅमच असते आणि डी३ जीवनसत्त्वासह अशा दोन गोळ्या रोज घ्यायच्या असतात. शिवाय कॅल्शियम लोहाचे शोषण अडवते, त्यामुळे दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवे. मग मी वेळा ठरवल्या: न्याहारीनंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर कॅल्शियम, सकाळी अकराला आणि दुपारी चारला लिंबूपाण्यासोबत लोह. चहाही लोहाला आडवा येतो, म्हणून आमच्या घरचा चारचा चहा मी साडेपाचला घेऊ लागले. शौचाचा रंग काळा झाला तेव्हा मी घाबरले होते, पण तो लोहामुळेच होतो असे सिस्टरांनी सांगितले. बद्धकोष्ठतेवर मात्र भरपूर पाणी, पेरू आणि पालेभाज्या यांचाच उपयोग झाला.

सासूबाईंना या गोळ्यांनी बाळ काळे होईल अशी भीती होती. आशाताईंनी घरी येऊन त्वचेच्या रंगाशी लोहाचा काही संबंध नसल्याचे शांतपणे समजावले, आणि त्यानंतर अकराची गोळी मला सासूबाईच आठवणीने देऊ लागल्या. रोजची नाचण्याची भाकरीही त्यांनीच सुरू केली. १०० ग्रॅम नाचण्यात सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते, परंतु तिच्या भरवशावर मी गोळी सोडली नाही.

आमच्या घरात माळ असल्याने मांसाहार नाही, अंडीही नाहीत. त्यामुळे बी१२ (मुख्यतः प्राणिज पदार्थांतून मिळणारे जीवनसत्त्व) तपासून घेण्याचा आग्रह मी स्वतः धरला आणि ते कमी निघाले. आईत बी१२ कमी असल्यास दुधातूनही ते बाळाला कमी मिळते, ही गोष्ट शाकाहारी घरांत फारशी बोलली जात नाही, ती बोलली जावी असे मला मनापासून वाटते.

बाळंतपणानंतर अळिवाचे आणि डिंकाचे लाडू भरपूर झाले, आणि ते हवेतच. परंतु गोळ्या बंद करायच्या नव्हत्या. लोह व कॅल्शियम आणखी १८० दिवस चालले, आणि बाळाला डॉक्टरांच्या सांगण्यावरून ड जीवनसत्त्वाचे रोज ४०० युनिट थेंब दिले. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८ भरल्यावर तांबड्या गोळ्या थांबल्या. बी१२ मात्र अंगावर पाजणे सुरू असेपर्यंत घ्यायचे आहे.