दुसरा डोळा मिटू नका

वांगणीला पहिल्यांदा रात्रभराच्या आकाशदर्शनाला गेले होते तेव्हा दुर्बिणीतून बघता बघता कपाळात जी कळ सुरू झाली ती सकाळच्या लोकलमध्येपण थांबली नव्हती. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. पुढच्या खेपेला तिथले एक काका शेजारी उभे राहून बघत होते, म्हणाले, "अगं, तो डावा डोळा एवढा घट्ट कशाला मिटतेस?"

दुखण्याचं कारण तेच होतं. एक डोळा दाबून मिटला की त्या बाजूचा अख्खा गाल आणि भुवई आवळली जाते, बघणाऱ्या डोळ्याची पापणीपण थरथरायला लागते, आणि असं तुम्ही शनीकडे दहा मिनिटं बघितलं तर डोकं दुखणारच ना. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, बस. सुरुवातीला दुसऱ्या डोळ्याला दिसणारं मध्ये मध्ये येतं, मग त्याच्यावर तळहाताची वाटी धरायची किंवा मेडिकलमध्ये मिळते ती डोळ्याची पट्टी लावायची. मी ओढणी डोक्यावरून घेते, आजूबाजूच्या मोबाईलचा उजेडपण अडतो. लहान मुलांना तर एक डोळा मिटताच येत नाही बऱ्याचदा, त्यांना "मीट, मीट" म्हणून घाई करू नका प्लीज, हाताने झाकू द्या.

दुसरी चूक म्हणजे डोळा आयपीसला, म्हणजे दुर्बिणीच्या ज्या भिंगातून बघतो त्याला, चिकटवणं. १० एमएम फोकल लेंथच्या साध्या प्लॉसल प्रकारच्या आयपीसला डोळा काचेपासून जेमतेम ७ एमएमवर आणावा लागतो, पापण्यांचे केस काचेला लागतात, थंडीत वाफ धरते. २५ एमएमला तेच अंतर १७च्या आसपास, म्हणून सुरुवात त्यानेच करा. आणि फार जवळ गेलात की चित्रात काळ्या सावल्या सरकायला लागतात, तेव्हा डोकं किंचित मागे घ्यायचं. चष्म्याला नुसता प्लस किंवा मायनस नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला तरी चालतं, सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर मात्र चष्मा ठेवून बघता येईल असा, डोळा काचेपासून २० एमएम लांब ठेवता येणारा आयपीस बघा. आणि बसा हो! स्टूल घ्या. मान अवघडलेली असताना डोळा सैल सुटत नाही.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, तिरकं बघणं. डोळ्याच्या मधोमध रंग ओळखणाऱ्या पेशी असतात, अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी त्याच्या भोवती, आणि त्यांना पूर्ण जागं व्हायला अंधारात २०-३० मिनिटं लागतात (तेवढ्यात एकदा व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की परत पहिल्यापासून). म्हणून अंधुक वस्तूकडे थेट नाही, तिच्या जरा बाजूला बघायचं. उजवा डोळा लावला असेल तर नजर वस्तूच्या उजवीकडे न्या, म्हणजे वस्तू नाकाच्या बाजूला येते, उलट केलंत तर ती डोळ्याच्या आंधळ्या ठिपक्यात जाऊ शकते.

हे पटत नसेल तर हंस तारकासमूहातला एनजीसी ६८२६ हा तेजोमेघ (मधे तारा, भोवती वायूचं गोल धुकं) दुर्बिणीत लावा. गेल्या नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी हंस वायव्येला असताना आठ इंची डॉबवर (डॉब्सोनियन दुर्बिणीवर) १२० पटीने लावला होता, भाची स्टुलावर. थेट बघितलं की मधला तारा, नजर बाजूला नेली की त्याच्याभोवती भपकन गोल धुकं. "मावशी, हे विझतंय आणि पेटतंय!" म्हणाली आणि तिने दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवले होते.